केअरटेकरचं काम नीट कसं करायचं: काम देणाऱ्या ब्युरोत जे कुणी सांगत नाही ते

आमच्या गल्लीतली एक पोरगी परवा विचारत होती, ताई मला पण तुझ्यासारखं पेशंट सांभाळायचं काम करायचंय, काय काय शिकावं लागतं. म्हटलं बस, चहा घे, एका वाक्यात सांगण्यासारखं नाही ते. दोन तास बोलत होतो, तेच इथं टाईप करतेय. कोल्हापुरात आता ताराबाई पार्क म्हणा रुईकर कॉलनी म्हणा, मोठमोठ्या बंगल्यात आजी-आजोबा दोघंच आणि पोरं पुण्याला नाहीतर बाहेरच्या देशात, त्यामुळं "माणूस आहे का हो कुणी" म्हणून फोन सारखे येतात. काम मिळायला अडचण नाही. काम येणारं माणूस मिळत नाही.

मी अकरा वर्षं यात आहे. पहिली तीन वर्षं एका हॉस्पिटलात आया, मग घरोघरी, कधी बारा तास कधी चोवीस तास.

आधी हे डोक्यात फिट करा, आपण नर्स नाही

एएनएम दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा, त्यानंतर नर्सिंग कौन्सिलकडं रजिस्ट्रेशन, तेव्हा ती बाई नर्स होते. आपण केअर असिस्टंट. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी घालणं, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं ही आपली कामं नाहीत, आणि घरचे तर हमखास म्हणणार, "हॉस्पिटलमध्ये होता ना तुम्ही, मग लावा की एवढी सलाईन, नर्स बोलवायची म्हणजे परत पैसे." मी सरळ सांगते, दादा, मी ते रोज बघितलंय पण मला परवानगी नाही, उद्या काय झालं तर तुम्हीच मला विचारणार. एकदा स्पष्ट सांगितलं की परत कुणी विचारत नाही. गुळमुळीत बोललात तर महिनाभर विचारत राहतात.

दुसरीकडनं पण हद्द सांगायला लागते. पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली आपली. सगळ्या घराची भांडी आणि पाहुण्यांसाठी तांबडा-पांढरा नाही. हे पहिल्या दिवशी बोलायचं, पंधराव्या दिवशी बोललं की भांडण होतं.

शिकायचं असेल तर हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे जनरल ड्यूटी असिस्टंट आणि होम हेल्थ एड असे कोर्स असतात. क्लासला पैसे भरायच्या आधी दोनच प्रश्न विचारा, सर्टिफिकेट नक्की कुणाच्या नावाचं मिळणार आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष किती दिवस उभं करणार. नुसतं फळ्यावर शिकवून पेशंट उचलता येत नाही.

पहिला दिवस

गेल्या गेल्या कामाला हात घालू नका. आधी डिस्चार्ज कार्ड आणि फाईल मागा. शुगर आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी, कुठली बाजू लुळी, गिळताना ठसका लागतो का, कवळी आहे का, कानाचं मशीन आहे का, शेवटचं पोट कधी साफ झालं (लाजू नका, हा प्रश्न लई महत्त्वाचा). डॉक्टरचा नंबर आणि घरातल्या दोन माणसांचे नंबर वहीच्या पहिल्या पानावर. एकाच माणसाचा नंबर ठेवलात तर तो माणूस नेमका त्यादिवशी मीटिंगमध्ये असतो.

मग पेशंटशी बोला. घरच्यांना नाही, पेशंटला विचारा, तुम्हाला काय म्हणून हाक मारू? सगळ्यांना आजोबा म्हटलेलं आवडत नाही. कुणी अण्णा असतं, कुणी आबा, एका रिटायर्ड हेडमास्तरांना मी आठ महिने "सर" म्हणत होते आणि ते मला रोज प्रेझेंटी घ्यायचे.

हात आणि लाज

साबणानं हात धुवायचे ४० ते ६० सेकंद, बोटांच्या मधनं, अंगठ्याभोवती, नखांखालनं. पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर, ग्लोव्हज काढल्यावर पण. अंगठी, बांगड्या, लांब नखं ड्युटीवर नको, म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी असते, नुसती बांगडी घासली तरी सोलते.

स्पंजिंगला खोलीचा पंखा बंद, दार बंद, पाणी कोमट, आपल्या मनगटावर बघून. तोंडापासनं सुरू करून खाली यायचं, जेवढा भाग पुसताय तेवढाच उघडा, बाकी अंगावर चादर. बाईपेशंटला खालची जागा पुसताना नेहमी पुढून मागं, उलटं केलं की लघवीचं इन्फेक्शन ठरलेलं. काखा, मांड्यांचे सांधे, बायकांच्या छातीखालची घडी नीट कोरडी करा, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. पावडरचे थर थापू नका, घाम येऊन त्याचाच चिखल होतो.

आणि काय करणार आहात ते आधी सांगा. "आबा, आता पाठ पुसतो हां." (आमच्याकडं बायका पण जातो करतो म्हणतात, टाईप करताना शाळेतलं व्याकरण आठवून करते लिहिते एवढंच.) पेशंट बेशुद्ध असला तरी सांगायचं. जे पेशंटला स्वतःला जमतंय ते त्याच्याकडूनच करून घ्या, तोंड पुसणं, एका हातानं शर्टाचं बटण लावणं. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. आपण सगळं भराभर करून टाकलं की घरच्यांना आपण हुशार वाटतो आणि पेशंटचा हात आणखी लुळा पडतो. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना लुळा हात शेवटी.

कूस बदलणं, आणि माझी चूक

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नुसतं वळवून उपयोग नाही, बघायला लागतं. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे, कोपर, खांदा, डोक्याची मागची बाजू आणि कान. कातडी लाल दिसली की बोटानं दाबा आणि सोडा, दाबल्यावर पांढरी होऊन परत लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर तो बेडसोर (एका जागी दाब पडून होणारी जखम) सुरू झाला. तिथं चोळायचं नाही, मसाज नाही, तेल नाही, फक्त त्या जागेवरचा भार काढायचा आणि डॉक्टरला कळवायचं. रबराची रिंग ठेवतात काही जण, ती नको, कडेनं दाब पडून रक्त अडतं.

पूर्ण आडवं कुशीवर नाही वळवायचं, पाठीमागं उशी लावून साधारण ३० अंश तिरकं, म्हणजे खुब्यावर सगळं वजन येत नाही. दोन गुडघ्यांत एक उशी. पोटऱ्यांखाली पातळ उशी, टाचा हवेत. सरकवताना ओढायचं नाही, खाली घडी केलेली चादर घालून दोघांनी उचलून सरकवायचं. एअर बेड आणला म्हणून कूस बदलायची सुटका होत नाही, हे घरच्यांना तर सांगाच पण स्वतःला पण सांगा.

आता माझी चूक. थंडीचे दिवस, एका आजींचे पाय गार पडायचे म्हणून सुनेनं लोकरीचे मोजे घातले. मी रोज पाठ बघत होते, खुबा बघत होते, वेळेवर वळवत होते आणि मनात खूश होते की एवढं नीट कोण करतंय. चार दिवस मोजे काढलेच नाहीत मी. पाचव्या दिवशी काढले तर उजवी टाच काळीनिळी, वर पाण्याचा फोड. शुगरचा पेशंट. ती जखम भरायला तीन महिने गेले आणि त्या आजी एकदा पण मला काही बोलल्या नाहीत, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासनं मोजे, क्रेप बँडेज, डायपरचं इलॅस्टिक, जे काय अंगावर आहे ते रोज काढून खाली बघायचं म्हणजे बघायचंच.

उचलणं नव्हे, फिरवणं

नवीन पोरी पहिल्या महिन्यात कंबर धरून बसतात ती याच्यामुळं. मला हे खरं शिकवलं एका पैलवान आजोबांनी. ऐन तरुणपणी तालमीत घुमलेले, पॅरालिसिसनं उजवी बाजू गेलेली, वजन तरी ऐंशीच्या वर. डायपर घालू द्यायचे नाहीत, "मी काय तान्हा हाय व्हय?" म्हणून खुर्चीवरच जायचं. मी पहिल्या दिवशी काखेत हात घालून ओढायला लागले तर ओरडले, "अगं पोरी, ताकद लावू नगंस, वजन फिरीव! गुडघं वाकीव, माझ्या गुडघ्याला गुडघा लाव, आन् मी पुढं झुकलो की मग उठीव." कुस्तीतला डाव सांगावा तसं. पुढं एका फिजिओथेरपिस्टनं दाखवलं ते अगदी हेच निघालं.

तर असं करा. कमोड चेअर किंवा व्हीलचेअर पेशंटच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावून. ब्रेक लॉक, पाय ठेवायच्या पट्ट्या वर. ब्रेक हलवून बघा. पेशंटला आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून कडेवर बसवा आणि एक-दोन मिनिटं बसू द्या, एकदम उठवलं की बीपी उतरतं आणि चक्कर येते. पायात चप्पल घट्ट, नुसते मोजे घालून फरशीवर उभं करायचं नाही. तुमचे पाय फाकवून, पाठ सरळ, गुडघे वाकलेले, त्याच्या लुळ्या गुडघ्यासमोर तुमचा गुडघा. धरायचं कमरेला, पट्टा असेल तर पट्ट्याला. लुळ्या हाताला धरून कधीच ओढू नका, काखेतनं उचलू नका, खांदा निसटतो. एक-दोन-तीन मोठ्यानं म्हणा, "नाक पायाच्या अंगठ्यावर आणा" सांगितलं की माणूस आपोआप पुढं झुकतो आणि हलका होतो. मग पावलं टाकत वळायचं, कंबरेतनं पीळ द्यायचा नाही.

पडायला लागलाच पेशंट तर अडवायला जाऊ नका, आपल्या अंगाला टेकवून हळू खाली बसवा. आणि पडून गेला असेल तर लगेच उचलायची घाई नको. एक पाय आखूड दिसतोय, बाहेर वळलाय, हलवला की ओरडतोय म्हणजे खुबा मोडला असेल, तसंच ठेवून ॲम्ब्युलन्स. डोक्याला लागलंय आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, तर पेशंट "मी बरा हाय" म्हणाला तरी हॉस्पिटल.

भरवणं

आडवं ठेवून घोटभर पाणीसुद्धा नाही. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळला की दुसरा. जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसलेलं. पॅरालिसिसवाल्याच्या लुळ्या बाजूच्या गालात घास साठून राहतो, जेवण झालं की बोटात ओला कापूस घेऊन गाल बघा. पाण्यानं ठसका लागत असेल तर डॉक्टर पातळ पदार्थ घट्ट करून द्यायला सांगतात, मग चहासुद्धा तसाच, "एकच घोट" म्हणून पाहुण्यांनी पाजलेला चहा फुप्फुसात जातो आणि न्यूमोनिया होतो. जेवल्यावर आवाज ओला, घरघरता वाटला तर लिहून ठेवा आणि कळवा.

नाकातली नळी असेल तर नर्सनं शिकवल्याशिवाय हात नाही. शिकवलं असेल तर आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघायची, डोकं ३० ते ४५ अंश वर, फीड कोमट आणि गाळलेलं, सिरिंजनं ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं, शेवटी पाणी घालून नळी साफ. खोकला आला की थांबा. नळी बाहेर आलेली दिसली तर परत ढकलू नका, चिकटपट्टी लावून सारवासारव तर अजिबात नको.

युरिन बॅगचं थोडक्यात: कायम कमरेच्या खाली पण जमिनीला टेकलेली नाही, नळीला पीळ नाही, पाऊण भरायच्या आत रिकामी, मिली बघून लिहायचं. लघवी एकदम कमी झाली, रक्त दिसलं, गढूळ दिसली, घाण वास आला, थंडी वाजली तर फोन.

गोळ्या

योग्य माणूस, योग्य गोळी, योग्य डोस, योग्य वेळ, योग्य मार्ग, हे पाच दर वेळी. एकाच घरात दोन म्हातारी असतात तेव्हा डबे वेगळ्या रंगाचे ठेवा. गोळी कुटून द्यायच्या आधी विचारा, काही गोळ्या हळूहळू विरघळायच्या असतात, त्या कुटल्या की सगळा डोस एकदम जातो. शेजारच्या काकूंना लागू पडलेली गोळी आपल्या पेशंटला नाही. चुकून दुप्पट दिली गेली तर लपवू नका, त्याच मिनिटाला सांगा.

वही

दोनशे पानी वही, दोरीनं पेन बांधलेला (नाहीतर पेन घरातली पोरं नेतात). माझ्या एका जुन्या वहीतलं पान असंच देते:

"७.१० चहा अर्धा कप, ठसका नाही. ८.०० बीपी १३८/८४, बीपीची गोळी दिली. ९.०० बॅग ३५० मिली, रंग गडद, पाणी कमी पितायत. १०.०० उजवी कूस, टाचा बघितल्या, ठीक. ११.२० डावा पाय जड म्हणाले. पोटरी सुजलेली, हाताला गरम, उजवीपेक्षा जाड. ११.२५ मुलाला फोन."

घरचे म्हणत होते तिळाचं तेल कोमट करून चोळा, पडून पडून आखडला असेल. मी म्हटलं नाही चोळत. डॉक्टरनी सोनोग्राफी करायला सांगितली, शिरेत रक्ताची गाठ निघाली. चोळलं असतं तर गाठ सुटून फुप्फुसात जायची भीती होती. आता यात मी निदान केलं का? नाही. दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघितल्या, वेळ लिहिली आणि फोन केला. वहीत "पेशंट ठीक आहे" असलं लिहू नका, काय बघितलं ते लिहा.

लगेच फोन कधी

१०८ पाठ असतोच. तोंड वाकडं झालं, हात वर करायला सांगितला तर एक खाली पडतोय, बोलणं अडखळतंय, म्हणजे पॅरालिसिसचा झटका असू शकतो, तर आधी घड्याळ बघा. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळं शेवटचा नीट कधी दिसला ही वेळ डॉक्टर पहिली विचारतात. "झोपून उठल्यावर बघू" नको.

शुगरवाला घामाघूम, थरथरतोय, भलतंच बोलतोय, तर मशीनवर बघा, ७० च्या खाली असेल आणि शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत चेक. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि ॲम्ब्युलन्स. ऑक्सिजन किती खाली गेला की कळवायचं ते डॉक्टरकडनं वहीत लिहून घ्या, जुना दमा-धाप असलेल्यांचा आकडा वेगळा असतो. १००.४ च्या वर ताप, छातीत दुखणं, एकदम सुस्ती, हे पण.

विसरणारी माणसं

संध्याकाळ झाली की एक आजी रोज पिशवी भरायच्या, "मला गडहिंग्लजला जायाचंय, आई वाट बघत आसंल." नव्वदीच्या आजींची आई! मुलगा रोज समजावायचा, आई आता नाही गं, आणि त्या रोज नव्यानं रडायच्या. मी विचारायला लागले, आई काय करायच्या हो तुमच्या? मग चुलीवरची भाकरी, म्हैस, सगळं निघायचं आणि पिशवी बाजूला राहायची. वाद घालून जिंकता येत नाही यांच्याशी, विषय वळवायचा. दिवे अंधार व्हायच्या आधीच लावा, सावल्यांना घाबरतात. दाराची कडी वरच्या बाजूला. आणि एकदम एका दिवसात गोंधळ वाढला तर आजार वाढला म्हणून सोडून देऊ नका, पुष्कळदा लघवीचं इन्फेक्शन नाहीतर तुंबलेलं पोट निघतं.

पावसाळ्यातली तयारी

हे कुठल्या कोर्सात नाही पण कोल्हापुरात पाहिजेच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. नदी-नाल्याकाठच्या घरात अंथरुणावरचा पेशंट असेल तर ३९ ची बातमी आली की हलवायचं बोला, ४३ ची वाट बघू नका, चालता माणूस गुडघाभर पाण्यातनं जातो, खिळलेल्याला न्यायला चार माणसं आणि कोरडा रस्ता लागतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात हायवे बंद, लाईट नाही, नळाला पाणी नाही. एअर बेड, ऑक्सिजनचं मशीन सगळं लाईटवर. म्हणून जूनमध्येच पंधरा दिवसांच्या गोळ्या, डायपर, फाईलची झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ऑक्सिजनवाला पेशंट असेल तर भरलेला सिलिंडर.

स्वतःचं बघा

पगार, वेळ, आठवड्याची सुट्टी, जेवण कुणाचं, झोपायला कुठं, सगळं कागदावर. ब्युरो किती कापणार ते पण. चोवीस तासाच्या ड्युटीत रात्री सलग झोप मिळणार नसेल तर दुसरं माणूस मागा, झोपमोडीत गोळ्या चुकतात. दागिने, कपाटाच्या किल्ल्या, एटीएमचा पिन स्वतःकडं घेऊ नका, प्रेमानं दिलं तरी नाही. बाजारहाटाचा हिशोब त्याच वहीच्या मागच्या पानावर. घरातल्या कुणी अंगचटीला यायचा प्रयत्न केला तर गप्प बसू नका, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरात काम करणाऱ्या बाईला पण लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तक्रार करता येते. मी एक घर अशानं दुपारीच सोडलंय, राहिलेला पगार पण नाही मागितला, आता वाटतं मागायला पाहिजे होता.

राहिलं एक. काही पेशंट आपल्या हातावर जातात. श्वास थांबलाय वाटलं तर घरच्यांना आणि डॉक्टरला फोन. पेशंटला शेवटच्या दिवसांसाठीच घरी आणलेलं असेल तर त्या वेळी काय करायचं, कुणाला बोलवायचं हे डॉक्टर आणि घरच्यांकडनं आधीच ठरवून घ्या, ऐनवेळी कुणाला सुचत नाही. डॉक्टर येऊन बघेपर्यंत नळ्या काढू नका, दाखला तेच देतात. मग डोळे मिटवा, हातपाय सरळ करा, तोंड पुसा, स्वच्छ चादर घाला. पैलवान आजोबा पहाटे गेले तेव्हा मी हेच केलं, त्यांची मिशी तेवढी नीट पिळून ठेवली, त्यांना तशी लागायची. वहीत वेळ लिहिली, ४.५०, खाली सही केली, वही मुलाकडं दिली. नवीन ड्युटी चार दिवसांनी घेतली.